वजन अजून ठरायचंय

न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणावर व्याख्यान दिलं की शेवटी कुणीतरी विचारतंच, "कण सापडला, २०१५ साली त्यावर नोबेलही मिळालं, मग आता शोधायचं काय राहिलंय?" तोवर वेळ संपत आलेली असते आणि उत्तर अर्धवट राहतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून इथे सविस्तर सांगतो.

त्याचं वजन राहिलंय. (वस्तुमान म्हणायला हवं, पण बोलताना आपण वजनच म्हणतो.)

न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात आणि वाटेत ते आपला प्रकार बदलतात. १९९८ साली जपानमधल्या सुपर-कामिओकांडेने, डोंगराखालच्या ५०,००० टन पाण्याच्या टाकीत, हे दाखवून दिलं. वजन नसतं तर हा बदल झालाच नसता. पण या बदलातून कळतो तो वजनांमधला फरक. तागडीच्या दोन पारड्यांत दोन पिशव्या ठेवल्या तर जड कुठली ते दिसतं, प्रत्येकीत किती किलो आहे ते दिसत नाही. इथे तर तेवढंही पुरतं दिसत नाही. तीन वजनांपैकी दोन जवळजवळ आहेत, तिसरं दूर आहे. ते सगळ्यांत जड की सगळ्यांत हलकं? दक्षिण चीनमध्ये जमिनीखाली ७०० मीटरवर बांधलेला जुनो हा प्रयोग ऑगस्ट २०२५ पासून याच्याच मागे आहे.

थेट वजन करायचा प्रयत्न जर्मनीत कार्ल्सरुहला चाललाय, काट्रिन नावाचा. ट्रिटियमच्या (किरणोत्सारी हायड्रोजनच्या) विघटनातून इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो एकत्र बाहेर पडतात. इलेक्ट्रॉनने जास्तीत जास्त किती ऊर्जा नेली ते अचूक मोजायचं, जी कमी पडेल ती न्यूट्रिनोच्या वजनात गेली. त्यासाठी २०० टनांचं यंत्र लागलं. कारखाना जेमतेम ४०० किलोमीटरवर, पण एवढं धूड रस्त्याने नेणं शक्य नव्हतं. मग २००६ साली ते डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात, तिथून भूमध्य समुद्र आणि अटलांटिक करत ऱ्हाइनमधून वर, असं सुमारे ९,००० किलोमीटर फिरून आलं. मला ही गोष्ट सांगायला फार आवडते. २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की न्यूट्रिनो ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून (एवढ्या हलक्या कणांचं वजन सांगायचं हे माप) हलका आहे. इलेक्ट्रॉन याच मापात ५,११,००० भरतो.

आणि आता मला खरोखर झोप लागू देत नाही ती गोष्ट. विश्वाच्या सुरुवातीचे न्यूट्रिनो इतके वेगवान होते की ते कुठे साचले नाहीत, त्यामुळे त्यांचं वजन जितकं जास्त, तितक्या दीर्घिका कमी गोळा होणार. म्हणजे दीर्घिकांच्या नकाशावरूनही वजन काढता येतं. ॲरिझोनातला देसी प्रकल्प असा नकाशा बनवतो. विश्वाचं रूढ गणित बरोबर धरलं, तर २०२५ च्या त्यांच्या हिशोबाने तिघांच्या वजनांची बेरीज ०.०६४ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी यायला हवी. इकडे जमिनीवरचे प्रयोग सांगतात, बेरीज ०.०५९ च्या खाली जाऊच शकत नाही. फट केवढीशी उरली पाहा! तिसरा न्यूट्रिनो सगळ्यांत हलका असेल, तर बेरीज किमान ०.१० हवी, मग ती फटही मिटते. कदाचित चूक न्यूट्रिनोत नसून विश्वाचं प्रसरण वेगाने वाढवणाऱ्या कृष्ण ऊर्जेबद्दलच्या आपल्या समजुतीत असेल. माझा कल तिकडे आहे, पण जुनोचं उत्तर आल्याशिवाय त्याला किंमत नाही.

एक तागडी मात्र आपल्या हातात नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत एका ताऱ्याचा स्फोट दिसला. त्याचे जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो पृथ्वीवर पकडले गेले, तेही प्रकाशाच्या काही तास आधी. सगळे काही सेकंदांतच आले. ते जड असते तर कमी ऊर्जेचे बरेच मागे पडले असते. आपल्या आकाशगंगेत असा स्फोट झाला तर एकट्या सुपर-कामिओकांडेत हजारो मिळतील. कधी होईल ते कुणाच्याच हातात नाही, म्हणून जगभरातली अशी यंत्रं एका इशारा-जाळ्याने जोडलेली आहेत. न्यूट्रिनो आले की दुर्बिणी वळवायला तेवढेच काही तास मिळतील.