तराजूतला शहजादा आणि बळीची झारी

ऐरोलीहून लोकलने ठाणं म्हणजे मध्ये फक्त दिघा गाव स्टेशन. पिशवीत दोन मुघल लघुचित्रांच्या रंगीत प्रती होत्या, शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना दाखवायला नेत होते. दिवाळी चार दिवसांवर आलेली. जांभळी नाक्यावर पणत्या, लाह्या-बत्तासे, केरसुण्यांचे ढीग आणि तराजूंची नुसती खडखड. तराजू पाहिला की हल्ली मला पिशवीतलं पहिलं चित्रच आठवतं.

वाटेत कोपिनेश्वराला नमस्कार केला. या देवळाचा जीर्णोद्धार १७६० मध्ये पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केला. सत्तेच्या पैशातून झालेलं दान असं दगडात उभं राहिलं, की शेकडो वर्षं लोकांच्या उपयोगी पडतं. तलावपाळीवर जरा टेकले आणि मग खारकर आळीत सरांकडे गेले.

पहिलं चित्र दरबारी चित्रकार मनोहरचं मानलं जातं, साधारण १६१०-१५ चं, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. प्रसंग काबूलमधला, १६०७ सालचा. सोळाव्या वर्षातला खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, सोन्याच्या तराजूत बसलाय. दुसऱ्या पारड्यात थैल्या आहेत आणि जहांगीर स्वतः तराजू सावरतोय. तुलादानाची ही आपली जुनी रीत अकबराने दरबारात आणली. तोललेलं धन गरिबांना वाटलं जाई. शिवरायांचीही १६७४ मध्ये रायगडावर सुवर्णतुला झाली होती.

सर भिंग घेऊन बराच वेळ पाहत राहिले. ताटांतली रत्नं, खंजीर, कोनाड्यांतल्या चिनी मातीच्या बाहुल्या, सगळं केसागणिक रंगवलेलं. दरबाऱ्यांच्या अंगरख्यांवर त्यांची नावंसुद्धा बारीक अक्षरांत लिहिली आहेत.

"अगं, पण घेणारा कुठे आहे?" सर म्हणाले.

मी हे चित्र कितीदा पाहिलं असेल, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दान आहे, दाता आहे, सोनं तर ओसंडून वाहतंय. ज्याच्यासाठी हे सारं, तो मात्र चौकटीत नाही.

म्हणून दुसरं चित्र पुढे केलं. जहांगीरच्याच दरबारातला चित्रकार अबुल हसनचं मानलं जाणारं, १६२०-२५ च्या सुमाराचं, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयातलं. यात गरीब आहे. काळवंडलेला, हाडं निघालेला म्हातारा, आणि पृथ्वीगोलावर उभा राहून जहांगीर त्याच्यावर बाण सोडतोय. चित्रावरच्या लेखात त्या म्हाताऱ्याला 'दलिद्दर' म्हटलंय. म्हणजे आपलंच दळिद्र! बाण औदार्याचा आहे, हे मला कळतं. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पुजून आपणही घरातून अलक्ष्मीच घालवतो. तरी त्या म्हाताऱ्याच्या बरगड्या पाहवत नाहीत. अबुल हसनने दारिद्र्य रंगवायला घेतलं आणि हातून माणूस रंगवला गेला. मला त्याचा हात थोर वाटतो तो इथेच.

सर उठले. कपाटातून त्यांनी स्वतः पेन्सिलीने काढलेली हिमालयाच्या पायथ्याच्या पहाडी शैलीतल्या एका चित्राची नक्कल आणली. बळीराजा वाकून झारीतून पाणी सोडतोय आणि बटू वामनाचा चिमुकला तळहात खाली पसरलेला. देणारा आणि घेणारा यांच्यात एक वीतभर अंतर. पाडव्याला आई ओवाळताना म्हणते, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो," तो हाच राजा.

निघताना सरांनी तो कागद गुंडाळून माझ्या हातात ठेवला.

"मोठा करून आण. रंग आपण दोघं मिळून भरू."

जांभळी नाक्यावर केरसुणी घेतली आणि गाडीच्या गर्दीत ती गुंडाळी छातीशी धरून उभी राहिले.