मॉली ऑकेटच्या थडग्यापासून ओडानाकपर्यंत

अमेरिकेच्या मेन राज्यातील अँडोव्हर या डोंगराळ भागातल्या लहान गावी मी एक थडगे पाहण्यासाठी गेले होते. औषधी वनस्पतींची जाणकार म्हणून त्या मुलखात आजही जिचे नाव निघते, ती अबेनाकी या मूळ रहिवासी जमातीची स्त्री मॉली ऑकेट २ ऑगस्ट १८१६ रोजी येथे मरण पावली. तिच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षांनी उभारलेल्या दगडावर ती ‘पेक्वाकेटांपैकी’, म्हणजे अबेनाकींच्या एका शाखेपैकी, ‘शेवटची’ असल्याचे कोरलेले आहे. अबेनाकी इतिहास आणि वंशावळी यांचा शोध घेणाऱ्या एका छोट्या ना-नफा संस्थेचे काम वाचूनच मी तिथवर पोहोचले होते, आणि त्या वाचनामुळे तो ‘शेवटची’ हा शब्द मला स्वस्थ बसू देईना. कारण तिला मुली होत्या, आणि त्यांपैकी एकीचे, मॉली सुसुप हिचे, नाव जुन्या आठवणींत टिकून आहे.

नावांची ही कथा समजून घेतल्याशिवाय या संशोधनाची अवघड बाजू कळत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला ‘मारी आगात’ हे फ्रेंच नाव मिळाले. अबेनाकी उच्चारात ‘र’ नसल्यामुळे मारीचे ‘माली’ झाले, आणि इंग्रज वसाहतवाल्यांच्या कानांनी या दोन्ही नावांचे मिळून ‘मॉली ऑकेट’ केले. त्याच रीतीने जोझेफचे ‘सोझाप’ किंवा ‘सुसुप’, पिएरचे ‘पिआल’ आणि लोराँचे ‘लोलो’ होते. शिवाय बापाचे पहिले नाव मुलाचे आडनाव होऊन बसते, त्यामुळे एकाच घराण्याच्या तीन पिढ्या तीन वेगळ्या आडनावांनी नोंदलेल्या सापडू शकतात. पाद्री फ्रेंच असेल तर नोंद एका तऱ्हेची, इंग्रज कारकून असेल तर दुसऱ्या तऱ्हेची. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणाऱ्याला आडनाव आणि मूळ गाव हे दोन खुंटे तरी हाती असतात; येथे दोन्ही खुंटे जागचे हलतात, आणि म्हणूनच साक्षीदार कोण, धर्ममाता कोण, अशा कडेच्या नोंदींवरून माणूस ओळखावा लागतो.

तेथून मी सीमा ओलांडून कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ओडानाकला गेले. सेंट फ्रान्सिस नदीच्या काठावरच्या या गावात, दक्षिणेकडील वसाहतींच्या लढायांमुळे विस्थापित झालेली अबेनाकी कुटुंबे सतराव्या शतकापासून येऊन राहिली. एकेकाळच्या कॅथलिक शाळेच्या इमारतीत १९६५ साली सुरू झालेले संग्रहालय येथील इतिहास संस्था चालवते, आणि क्वेबेकमधील मूळ रहिवाशांचे पहिले संग्रहालय म्हणून ते ओळखले जाते. पाट्यांवर ‘वाबानाकी’ हा, अबेनाकींचे स्वतःच्या भाषेतले नाव असलेला, शब्द लिहिताना मधे चक्क आठचा आकडा येतो. अनुनासिक ‘ओ’साठी वापरले जाणारे हे चिन्ह जेझुइट या कॅथलिक धर्मप्रसारकांच्या जुन्या हस्तलिखितांमधल्या एका जोडाक्षराच्या आठवणीतून आले आहे.

४ ऑक्टोबर १७५९ च्या पहाटे ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या रॉबर्ट रॉजर्सच्या तुकडीने हे गाव जाळले. आपण दोनशे माणसे मारली असे रॉजर्सने लिहून ठेवले; फ्रेंच नोंदी तीसच्या आसपास आकडा सांगतात आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. गॉर्डन डे या अभ्यासकाने गावातल्या वृद्धांकडून ऐकून १९६२ साली छापलेल्या आठवणींमध्ये आणखी एक गोष्ट आहे: आदल्या रात्री नाच चालू असताना बाहेर आलेल्या एका मुलीला एका परक्या माणसाने अंधारात सावध केले आणि त्यामुळे पुष्कळ जण लपून वाचले. मॉली ऑकेटही त्या दिवशी झुडपामागे लपून वाचली असे सांगतात. रॉजर्सच्या अहवालावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवणाऱ्या इतिहासाला ही आठवण धरून ठेवणाऱ्या घरांनी दुरुस्त केले, हे मला फार मोलाचे वाटते.

वंशावळींचा प्रश्न आज केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. व्हर्माँट राज्याने २०११ आणि २०१२ मध्ये चार गटांना अबेनाकी जमात म्हणून मान्यता दिली, आणि ओडानाकच्या नेतृत्वाने त्या गटांच्या वंशपरंपरेच्या दाव्यावर उघडपणे आक्षेप घेतला. अशा वादात एकेका बाप्तिस्म्याच्या नोंदीचे वजन किती वाढते, हे संस्थांच्या चिकाटीकडे पाहताना लक्षात येते. पुरावा नसेल तेथे रेषा न जोडण्याचा संयम मला या कामातला सर्वांत कठीण भाग वाटतो.

परतताना मी न्यू हॅम्पशायरमधील इंटरव्हेल येथे थांबले. ओडानाकचा प्रमुख जोझेफ लोराँ, म्हणजेच सोझाप लोलो, याने १८८४ साली, ज्या वर्षी त्याचे अबेनाकी-इंग्रजी संवादांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, येथे उन्हाळी तळ मांडला. अ‍ॅश झाडाच्या पट्ट्या आणि सुगंधी गवत यांच्या टोपल्या विणून त्याच्या कुटुंबाने त्या पर्यटकांना विकल्या, आणि पुढे कित्येक उन्हाळे हे कुटुंब येथे येत राहिले. पाइनच्या सावलीतल्या या जागेजवळून साको नदी वाहते. ती पुढे ज्या खोऱ्यातून जाते, ते जुने पेक्वाकेट आहे.