कुठल्याच यादीत नसलेला डबा

मी इथे कॅन्ससमध्ये एका काउंटीच्या पार्क विभागात जीआयएसचं काम करते, म्हणजे पायवाटा, पाण्याच्या लाइन्स, कुठलं झाड कुठे लावलं, सगळं नकाशावर आणून ठेवायचं. मार्च उजाडला की यात एक काम वाढतं, माळ जाळायचं. इथला उंच गवताचा माळ दोन-तीन वर्षांत एकदा तरी जळला नाही की त्यात रेड सीडरची झाडं घुसतात आणि बघता बघता गवत संपतं, म्हणून रीतसर परवानगी घेऊन, कडेने जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, काढून, मुद्दाम आग लावतात. आमच्या चंद्रपूरकडे वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं ते मी लहानपणापासून बघत आलेय, पण अख्खा माळ ठरवून जाळायचा हे इथेच पाहिलं. वारा, हवेतला ओलावा, फायर डिपार्टमेंट, शेजारच्या घरांना निरोप, एवढं सगळं जुळणारे दिवस सीझनमध्ये फार थोडे असतात, त्यामुळे आलेला दिवस हातचा घालवणं कुणालाच परवडत नाही.

२०१७ च्या मार्चमधला दिवस. जाळायच्या तुकड्यात जिओकॅश कुठे आहेत ते काढून ठेवणं माझ्याकडे असतं. कुणाला माहीत नसेल तर, एक जण डबा लपवतो, त्याचे कोऑर्डिनेट्स साइटवर टाकतो, बाकीचे जीपीएस घेऊन शोधत येतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा जिथल्या तिथे ठेवतात. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, शंभरेक मीटरचा घोळ दहा-वीस मीटरवर आला, आणि लगेच ३ मेला ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मरने पहिली बादली लपवली. त्याच सप्टेंबरात जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झाली आणि आज बहुतेक सगळे तिथेच असतात. आमची पद्धत अशी की तिथून पॉकेट क्वेरी काढायची, म्हणजे एका वेळी हजारपर्यंत कॅशेसची यादी, जीपीएक्स फाइलमध्ये (जीपीएस यंत्रं वाचतात ती फाइल) मिळते, ती माझ्या नकाशावर टाकायची, जाळायच्या तुकड्यात जे येतील त्यांच्या मालकांना मेसेज करायचा, मग ते लिस्टिंग तात्पुरतं बंद करतात आणि डबा उचलून नेतात. त्या वेळी हे सगळं झालेलं होतं, नकाशावर तुकडा पूर्ण मोकळा.

सकाळी क्रू शेवटची फेरी मारत होता तेवढ्यात रेडिओवर एक पोरगा म्हणाला, सीडरच्या बुंध्याशी ॲम्युनिशनचा डबा आहे. बर्न बॉसने, म्हणजे जाळायच्या कामाच्या प्रमुखाने, तिथल्या तिथे सगळं थांबवलं. लष्करी लोखंडी डबा, शेवाळी हिरवा, झाकणाच्या कडेला रबर, बाजूला पिवळ्या अक्षरांत काडतुसांचा नंबर जसाच्या तसा. हे डबे पाणी आत घेत नाहीत म्हणून जिओकॅशिंगवाल्यांचे लाडके, पण अक्षरांवर रंग मारा असं त्यांना वारंवार सांगितलं जातं ते यासाठीच, बघणाऱ्याला काय कळणार आत खेळणी आहेत का खरी काडतुसं. आग लावायच्या जागेत असा डबा म्हणजे कुणी हात लावायचा प्रश्नच नाही. शेरिफच्या ऑफिसला फोन गेला, एक डेप्युटी आला, आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं आणि बराच वेळ डब्याभोवती फिरून शेवटी त्याने खटका उघडला. आत झिपलॉकमध्ये वही, दोन गोल्फचे बॉल, प्लास्टिकचा डायनासोर, आणि एक सिगरेट लायटर. लायटर बघून बर्न बॉसचा चेहरा जो झाला तो मला अजून दिसतो, कारण घट्ट बंद लोखंडी डबा आगीत तापला असता तर आतल्या गॅसने काय केलं असतं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि ड्रिप टॉर्च (पेटतं इंधन ठिबकवत आग लावायचा डबा) घेऊन पोरं त्याच कडेने चालणार होती.

वहीच्या पुठ्ठ्यावर मार्करने कोड लिहिलेला होता. जिओकॅशिंग डॉट कॉमचे कोड जीसीने सुरू होतात, हा ओएक्सने सुरू होत होता. मी बघताक्षणी ओळखला. जीपीएस यंत्रं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये ओपनकॅशिंग डॉट कॉम नावाची स्वतःची साइट काढली होती, तिथले कोड ओएक्सचे. १४ ऑगस्ट २०१५ ला ती बंद झाली. म्हणजे कोड हातात आहे आणि तो टाकायचा कुठे तर कुठेच नाही.

यामागची गोष्ट थोडी सांगते कारण मला ती खरंच महत्त्वाची वाटते. हातात धरायची जीपीएस यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या आणि या याद्या चालवणाऱ्या साइट्स यांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं. गार्मिनचं सुरुवातीचं पिवळं ईट्रेक्स यंत्र घ्या, त्यात ५०० पॉइंट मावायचे आणि नावाला जेमतेम सहा अक्षरं, त्यामुळे कोड तेवढा यंत्रात आणि माहिती, हिंट सगळं कागदावर प्रिंट काढून न्यायचं. मग २००८ च्या सुमारास गार्मिनचं कोलोराडो, ओरेगन, डीलॉर्मचं पीएन-४० अशी यंत्रं आली, त्यांत वर्णन, हिंट, आधीच्या लोकांचे लॉग सगळं यंत्रातच वाचता येऊ लागलं, मॅगेलनने तर एक्सप्लोरिस्ट जीसी नावाचं खास यासाठीचं यंत्र काढलं. जिओकॅशिंगवर यंत्रं खपत होती आणि यादी होती दुसऱ्याकडे, जिओकॅशिंग डॉट कॉम चालवणाऱ्या सिॲटलच्या ग्राउंडस्पीककडे. त्यात फोनवर ॲप आले. अशा वेळी यंत्र बनवणाऱ्याला वाटणारच की यादीही आपली असावी. गार्मिनची साइट फुकट होती, डेटाही मोकळा होता, डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (तिथवर पोचायला किती अवघड) यांच्या जोडीला तिथे डबा किती भारी आहे याचेही मार्क द्यायचे. पण डबे जिथे जास्त तिथेच माणसं जाणार, आणि माणसं जिथे तिथेच नवे डबे. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत ती बंद झाली, तीही आधी सांगून, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ओरेगन ७०० मध्ये गार्मिनने थेट जिओकॅशिंग डॉट कॉमची सोय दिली. दोघांचं पुन्हा जमलं, छान झालं. साइट काढायचा आणि बंद करायचा त्यांना हक्क आहेच. पण डबा साइटवर नसतो, जमिनीवर असतो, आणि जमीन आमची होती तरी डबा ठेवायच्या आमच्या परवानगीच्या फॉर्मवर फक्त कॅशचा कोड लिहायचा एक रकाना होता, कोऑर्डिनेट्स आमच्याकडे कुणी मागितलेच नव्हते. मुळाशी गोची ही होती.

बर्न बॉसने मला एकच विचारलं, "असे अजून किती आहेत इथे?"

याचं उत्तर नकाशात नव्हतं. जिओकॅशिंग डॉट कॉम दोन डब्यांमध्ये १६१ मीटर अंतर ठेवायला लावते पण तो नियम तिच्या स्वतःच्या यादीपुरता, दुसऱ्या साइटचा डबा शेजारी असला तरी तिला पत्ता नसणार. मग मला आमचे एक स्वयंसेवक आठवले, रिटायर्ड गृहस्थ, पायवाटांचं काम करायला येतात, त्यांच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर कायम एक जुनं ओरेगन यंत्र पडलेलं असतं. फोन केला तर म्हणाले, "मी त्यातलं काही पुसत नाही, थांब, घेऊनच येतो." आले तसं यंत्र लॅपटॉपला लावलं, ड्राइव्हसारखं उघडलं, गार्मिनच्या फोल्डरमध्ये जीपीएक्सचा फोल्डर, त्यात फाइल्सचा ढीग. तारखेने लावल्यावर २०१२ ची एक सापडली. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून त्या कोडने सर्च मारला आणि तो लगेच सापडला, नाव, लपवणाऱ्याचं टोपणनाव, हिंट, सगळं. जीपीएक्स म्हणजे शेवटी वाचता येणारा मजकूरच, साइट गेली म्हणून फाइल मुकी होत नाही. मी ती तशीच नकाशावर टाकली आणि आमच्या तुकड्यात अजून दोन टिंबं उमटली, एक चुनखडीच्या कपारीत, एक दक्षिणेच्या कुंपणाशी.

दुपारनंतर वारा दक्षिणेकडून वाढणार असा अंदाज होता, त्यामुळे वेळ मोजका. कपारीतला डबा स्वयंसेवकांनीच काढला, यंत्र चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवत होतं आणि वाळलं गवत डोक्याएवढं, तरी हिंटमध्ये "तिसरी पायरी" लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि सरळ दगडाच्या तिसऱ्या थराखाली हात घातला. प्लास्टिकचा डबा, वही भिजून लगदा झालेली. कुंपणाजवळचा मात्र काही केल्या मिळेना. मधल्या काळात ते कुंपणच बदललेलं, जुन्या खांबांच्या जागाही बुजलेल्या, मी आणि दोन पोरांनी गवत हाताने बाजूला करत करत सगळं पालथं घातलं. शेवटी बर्न बॉसला सांगितलं की तिथे डबा नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. तो एक शब्द जास्त बोलला नाही, त्याने तुकडा मधोमध तोडला, मध्ये गवत कापून ओली रेषा काढली आणि उत्तरेचा अर्धाच जाळला. संध्याकाळपर्यंत काम नीट पार पडलं.

त्या टोपणनावाचा माणूस जिओकॅशिंग डॉट कॉमवरही होता, त्याला मेसेज टाकला. उत्तर आलं की तो केव्हाच दुसऱ्या राज्यात गेलाय, कुंपणाजवळचा डबा त्याने जातानाच उचलला होता, बाकीच्या दोघांसाठी परत यायचं राहून गेलं. लायटर त्याचा नव्हता, कुणीतरी नंतर टाकला असणार. दक्षिणेचा अर्धा तुकडा आम्ही पुढच्या सीझनला जाळला.

आता फॉर्मवर कोऑर्डिनेट्स, फोन नंबर आणि डब्याचा फोटो लागतो, साइट कुठलीही असो, आणि डब्यावर आमचा स्टिकर. स्वयंसेवकांच्या त्या फाइलची मी नकाशात वेगळी लेयर करून ठेवलीये, त्यातून बाकीच्या पार्कमधलेही डबे निघाले, काही जागेवर होते, काही पुराने नेलेले, ते एकेक करून आम्ही दोघांनी त्या उन्हाळ्यात बघून घेतले.