वैनी, हिरीचं पाणी कुठवर आलंय?

आमच्या परसात एक टाकी आहे. पाहुणे तिला स्विमिंग पूल म्हणतात, आम्ही टाकीच. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, पाणी १.२ मीटर, म्हणजे २१,६०० लिटर. हा ह्यांचा हट्ट. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. निवृत्त झाल्यावर रोज रंकाळ्याला अंबाई टँकवर जायचा कंटाळा आला, म्हणून बालिंग्याच्या रस्त्याला घर बांधताना मागं ही करून घेतली. पोहणार हे आणि निगा राखणार मी, हे तेव्हा कोणी बोललं नव्हतं.

गेल्या जुलैत आठ दिवस झड लागली. त्यातच पंपाचं सील गेलं आणि मोटर बंद. तिसऱ्या दिवशी पाणी हिरवट, पाचव्या दिवशी खालची पायरी दिसेना. मी घाबरून क्लोरिनची पावडर ओतत सुटले. पाणी ढिम्म.

शेवटी एका पूलवाल्या कंपनीचा माणूस बोलावला. इस्त्रीचा टी-शर्ट, हातात टॅब. टाकीकडं एकदा बघितलं, विहिरीकडं एकदाही नाही. "मॅडम, पूर्ण रिकामी करू, ॲसिडनं घासू, नवीन पाणी भरू." कोटेशन १८,००० रुपयांचं. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं.

त्याच दिवशी स्वयंपाकघराची गळती बघायला गवंडी मामा आलेले. बोलावल्यापासून चौथ्या दिवशी. त्यांचं 'उद्या येतो' तसलंच असतं. चहा घेऊन टाकीच्या काठावर उकिडवे बसले, तंबाखू मळली आणि विचारलं, "वैनी, हिरीचं पाणी कुठवर आलंय?"

विहीर टाकीपासून पंधरा पावलांवर. पाणी वाकून हात घालावा इतकं वर आलेलं.

"मग टाकी उपसू नगा. रिकामी केली तर होडीगत वर येईल."

मला आधी चेष्टाच वाटली. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलेलं मी बघितलंय. पावसाळ्यात इथली जमीन पाण्यानं तुडुंब असते. ते पाणी टाकीला खालून वर ढकलतं, आणि आतल्या पाण्याचं साडेएकवीस टन वजन तिला दाबून धरतं. ते वजनच काढलं तर तळ फुगतो, चिरतो, कधी अख्खी टाकी उचलली जाते. खालचं पाणी आत घेऊन दाब सोडणारा व्हॉल्व्ह तळाला बसवतात म्हणे. आमच्या टाकीला तो नाही.

टॅबवाल्याला नको म्हणून कळवलं. प्लंबरचा पोरगा पंप सोडवून उद्यमनगरात घेऊन गेला. सील आणि बेअरिंग बदलून संध्याकाळी परत बसवला. मग मी डोकं ताळ्यावर आणून पाणी तपासलं. पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकलंय की क्षाराकडं ते सांगणारा आकडा, ८.२. एवढ्या पीएचला क्लोरिन पाण्यात असतं, पण बहुतेक नुसतं बसून खातं. मोटर चालू ठेवून थोडं थोडं ॲसिड घालत दोन दिवसांत ७.४ वर आणलं. ॲसिड आणि क्लोरिन एकत्र कधीच नाही, विषारी वायू होतो. दोन्हींचे मगही मी वेगळे ठेवलेत, लाल आणि निळा.

तिसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर पावडर टाकली, कारण दिवसा ऊन क्लोरिन खाऊन टाकतं. ६५ टक्क्यांची ३३० ग्रॅम म्हणजे आमच्या टाकीला १० पीपीएम, लिटरमागं १० मिलिग्रॅम क्लोरिन. स्वयंपाकघरातला जुना काटा आता ह्याच कामाला. सलग तीन रात्री तेच, दिवसा ब्रशनं भिंती घासायच्या, फिल्टरच्या दाबाचा काटा चढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा. बॅकवॉशचा दांडा मोटर बंद करूनच फिरवायचा. त्या पोरानं चालू मोटरवर फिरवून आतलं गॅस्केट घालवलं, ते ४०० रुपये वेगळे. चौथ्या सकाळी खालची पायरी दिसली.

मामांनी गळतीचेच पैसे घेतले. टाकीचे विचारले तर म्हणाले, "नुसतं बघितलं की. त्याचं काय घ्यायचं?"

यंदा मे महिन्यात ते दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आले, पोहायला शिकवा म्हणून. ह्यांनी माळ्यावरून स्वतःचा गंजका डबा काढला, सुंभ शोधलं, पोराच्या पाठीला बांधला. मामा काठावर उकिडवे, तंबाखू मळत.

"सायेब, डबा कशाला? पाय टेकत्यात की त्याचं."