प्लीटरमध्ये कापड तिरकं का जातं: माझा अनुभव

स्मॉकिंगसाठी, म्हणजे चुण्यांवरच्या भरतकामासाठी, कापडाला चुण्या घालणाऱ्या हातयंत्राबरोबर, म्हणजे प्लीटरबरोबर, मला जे माहितीपत्रक मिळालं त्यात सुया बसवण्यावर पानभर मजकूर आहे, दोरा ओवण्याची चित्रं आहेत आणि कापडाबद्दल एकच ओळ आहे: कापड दांडीवर गुंडाळा आणि हँडल फिरवा. त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही. प्लीटरवर जे बिघडतं त्यातलं बहुतेक दांडीवर कापड गुंडाळतानाच बिघडलेलं असतं. दिसतं मात्र हँडल फिरवल्यावर, आणि मग लोक सुयांना किंवा यंत्राला दोष देत बसतात.

यंत्र तसं साधं आहे. दातेरी पितळी रोलर एकमेकांत अडकून फिरतात. त्यांच्यामधून जाताना कापडाला दात्यांच्या आकाराच्या घड्या पडतात. रोलरभोवती बारीक खोबणी कोरलेल्या असतात, त्यांत बाकदार सुया बसतात. सुया जागच्या हलत नाहीत, कापड पुढे सरकतं आणि स्वतःच सुयांवर चढतं. सुईचं टोक कापड आत येतं त्या बाजूला आणि नेढं बाहेर पडतं त्या बाजूला. एक सुई म्हणजे धावदोऱ्याची एक ओळ. १६, २४ आणि ३२ ओळींची यंत्रं मिळतात. दोन पूर्ण ओळींमध्ये ३/८ इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिमी अंतर असतं. मधल्या खोबणींतही सुया घातल्या तर त्याच्या निम्मं.

सुया आणि दोरे यांत फार काही अडत नाही. नक्षीच्या जितक्या ओळी, त्यापेक्षा दोन सुया जास्त घालायच्या, एक वर, एक खाली. या दोन ओळींवर भरतकाम करायचं नाही, त्या फक्त चुण्या धरून ठेवतात आणि वरची ओळ पुढे शिवणीच्या कामी येते. दोरा मजबूत आणि कापडापेक्षा वेगळ्या रंगाचा घ्या, पण रंग पक्का आहे ना ते ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून बघा. नाहीतर वाफ देताना लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्या कापडात उतरतो. ४५ इंच रुंदीचं कापड आवळल्यावर साधारण एक तृतीयांश होतं, म्हणून ३६ इंचांचा दोरा पुरतो. चुण्या मधेच पूर्ण उलगडायच्या असतील तर मात्र दोरा कापडाच्या रुंदीपेक्षा पाच-सहा इंच जास्त हवा. नेढ्यातून चार इंचांचं शेपूट काढायचं आणि लांब टोकाला गाठ मारायची.

आता कापड. काठाला समांतर जातो तो उभा धागा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो तो आडवा धागा. प्लीटरमध्ये आवळली जाते ती कापडाची रुंदी. म्हणून काठाची बाजू आधी रोलरमध्ये शिरते, उभा धागा दांडीला समांतर असतो आणि चुणीचे दोरे आडव्या धाग्याच्या दिशेने जातात. ही मांडणी डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं उलगडतं.

दोन्ही काठ आधी कापून टाका, अर्धा इंच तरी. काठाची वीण घट्ट असते, तो धुतल्यावर वेगळा आटतो, आणि तोच सगळ्या सुयांच्या टोकांवर एकदम जाऊन आदळतो. कापड धुऊन घ्यायचं ते केवळ आटण्यासाठी नाही, गिरणीतली खळ निघावी म्हणूनही. खळीचं कडक कापड सुयांवर सरकत नाही.

मग वरची कड सरळ करायची. पट्टी लावून कात्रीने नव्हे. आडवा एक धागा ओढून काढायचा आणि त्याच्या रेषेवर कापायचं. इथे लोक घाई करतात. दुकानात कापलेली कड जवळजवळ कधीच आडव्या धाग्यावर नसते. ४५ इंचांत अर्ध्या इंचाचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण अर्धा इंच म्हणजे एका ओळीपेक्षा जास्त. पहिल्या चुणीत जी सुई वरून तिसऱ्या ओळीवर होती ती शेवटच्या चुणीत दुसरीच्याही वर गेलेली असते, आणि मग नक्षी गळ्यापासून खाली उतरत जाते किंवा वर चढत जाते.

धाग्यावर कापूनही कापड काटकोनात बसत नसेल तर वीणच ओढली गेली आहे. छपाईच्या आणि इस्त्री करून आलेल्या कापडात हे फार असतं. कापड ओलसर करून जे दोन समोरासमोरचे कोपरे आखूड पडतात ते धरून उरेब दिशेने ओढा, टेबलाच्या कडेला लावून ताडून बघा, परत ओढा, मग वाफेची इस्त्री. इस्त्री उभ्या किंवा आडव्या धाग्यावरच फिरवायची, तिरकी नाही. तिरकी फिरवली की आत्ताच सरळ केलेलं परत वाकडं.

एवढं झाल्यावर दांडी. ती प्लीटरच्या बाजूच्या पट्ट्यांतल्या भोकांतून सहज सरकणारी, गुळगुळीत आणि सरळ हवी. सपाट टेबलावर लोटून बघा: उड्या मारत गेली तर ती वाकलेली आहे, बदला. लाकडी दांडीला कुस असेल तर बारीक पॉलिश पेपर मारा. कापड टेबलावर पसरा, शेवटी आत जाणारी कापलेली कड दांडीवर ठेवा आणि ती दांडीला अगदी समांतर आहे याची खात्री झाल्यावरच पहिला वेढा घ्या. पहिला वेढा चुकला तर बाकीचे सगळे चुकतात. दोन्ही हात दांडीच्या टोकांजवळ नको, मधोमध थोडे दूर ठेवून गुंडाळा. टोकांजवळ हात असले की आपला जोराचा हात एक बाजू घट्ट करतो आणि मधे कापड ढिलं राहतं.

खरी परीक्षा वरच्या कडेची आहे. प्रत्येक वेढ्याला ती कड आधीच्या वेढ्याच्या कडेवर बरोबर बसली पाहिजे. गुंडाळून झाल्यावर दांडी उभी धरून टोकाकडून बघा. गुंडाळीचं तोंड सपाट दिसलं तर ठीक. शंकूसारखं बाहेर आलं असेल तर कापड तिरकं जाणार हे आत्ताच ठरलं. अशी गुंडाळी ठोकून सपाट करणारे मी पाहिले आहेत. त्याने तोंड सपाट होतं, आतली वीण मात्र तिरकी राहते, आणि मधल्या भागात दोऱ्यांच्या ओळी नागमोडी येतात. पूर्ण उलगडा, परत इस्त्री करा, परत गुंडाळा. यात जो वेळ जातो तोच या कामातला महत्त्वाचा वेळ आहे असं मी ठामपणे म्हणेन.

कापड यंत्रापेक्षा लांब असेल, उदाहरणार्थ झबल्याची किंवा फ्रॉकची पूर्ण उंची, तर जास्तीचा भाग रोलरच्या एका टोकाच्या फटीतून बाहेर जातो. माहितीपत्रक याबद्दल गप्प आहे, आणि सरळ गुंडाळलेलं कापडही जिथे तिरकं होतं ती जागा हीच. कारण असं: सुयांसमोरचा भाग रोलर ओढून नेतात. फटीतल्या भागाला कोणीच ओढत नाही. तो मागे रेंगाळतो आणि शेजारच्या कापडाला आपल्याकडे खेचत राहतो. म्हणून डाव्या हाताने तो भाग सतत पुढे द्यावा लागतो, रोलर जेवढं खातात तेवढंच, कमी नाही आणि जास्तही नाही. फटीपाशी पीळ किंवा गोळा दिसला की थांबा, बोटाने सोडवा, मगच पुढे. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला फक्त त्या भागावर बसवा. हँडल फिरवणं त्यामानाने काहीच नाही. सुयाही फटीच्या बाजूला सरकवून बसवू नका, एक-दोन खोबणी रिकाम्या राहू द्या.

कापड रोलरला देताना कड पूर्ण रुंदीत एकदम लागली पाहिजे. मधला भाग आधी पकडला जातो आणि टोकं मागे राहतात, तर टोकांकडे बोटांनी हलकं ढकला. फार मऊ मलमल असेल तर फक्त त्या पहिल्या अर्ध्या इंचाला हलकी खळ चालते. एखादी सुई संदर्भाला धरा: वरची कड त्या सुईपासून किती दूर आहे ते पहिल्या चार-पाच चुण्यांत बघून ठेवा आणि दर थोड्या वेळाने ताडा. कड बाहेर सरकू लागली तर दांडीच्या दुसऱ्या टोकाला बोटाने हलका अडथळा द्या. केसभर फरक यानेच सुधारतो. अर्ध्या ओळीएवढा फरक पडला असेल तर सुधारण्याच्या नादी लागू नका. उरलेलं कापड तसंच पुढे जाऊ द्या, दोरे ओढून काढा, इस्त्री करा, नव्याने सुरुवात. हँडल उलटं फिरवून कापड मागे आणायचं नाही. सुयांची टोकं वीणेत अडकतात आणि वाकतात.

कापड सुयांवर इंचभर साठलं की दोन्ही हातांनी पूर्ण रुंदीत धरून थोडं थोडं सरळ पुढे, दोऱ्यांवर ओढा. वर ओढलं तर सुया खोबणीतून उचकटतात.

शिवणीचं आता सांगते. बाही आणि अंग आधी जोडून सगळं एकत्र प्लीटरमधून काढायचं असेल तर शिवण रोलरला जवळपास समांतर येते. म्हणजे ती जाडी एकेका सुईला नाही, सगळ्या सुयांना जवळजवळ एकाच क्षणी लागते. तिथेच सुया मोडतात. शिवण अरुंद ठेवा, पाव इंचाहून कमी, दाबून सपाट करा, ओलसर करून कापडाखाली ठेवून हातोडीने हलकं ठोका, आणि वरून कोरडा साबण घासा. मग हँडल एका दात्याएवढं फिरवा, थांबा, परत एका दात्याएवढं. जड लागलं म्हणून जोर लावणं ही सुई मोडण्याची हमी आहे. अगदीच अडकलं तर बाजूचे स्क्रू सैल करून वरचा रोलर उचला, कापड सुयांसकट बाहेर काढा, सुया कापडातून पुढे ओढून घ्या आणि नव्याने बसवा. वेळ लागतो, पण रोलरला ओरखडा पडत नाही. पितळेवर ओरखडा पडला की त्या जागी प्रत्येक कापडाचा धागा ओढला जातो.

सुया चांगल्या आहेत का हे कापड घालण्याआधी कळतं. दोरे न ओवता मेणकागदाची पट्टी प्लीटरमधून काढा. मेणाने सुया गुळगुळीत होतात हा एक फायदा, आणि कागदावरच्या भोकांच्या ओळी वाचता येतात हा दुसरा. एखादी ओळ सरळ नसेल तर त्या खोबणीतली सुई वाकलेली आहे. भोकं फाटलेली असतील तर टोक बोथट. हँडल फिरवताना ठराविक जागी टकटक आवाज आला तर सुई रोलरला घासते आहे, लगेच थांबा. कॉर्डरॉयसारख्या जाड कापडाला मधल्या अर्ध्या ओळींच्या सुया काढून टाका. जेवढ्या सुया कमी तेवढा विरोध कमी. केंब्रिक, पॉपलिन, वॉइल उत्तम जातात. होजिअरीचं ताणलं जाणारं कापड घालू नका. सॅटिनवर भोकं कायमची राहतात.

रेघांच्या कापडात प्रत्येक चुणीच्या माथ्यावर एकाच रंगाची रेघ यावी असं वाटत असेल तर प्लीटर वापरू नका. दात्यांचं अंतर बदलत नाही, रेघांचं अंतर त्याच्याशी जुळेलच असं नाही. तिथे हातानेच धावदोरा घाला. चौकड्यांच्या कापडात उलट अडचण: दोऱ्याची ओळ चौकड्याच्या रेषेपासून जराशी ढळली तरी उठून दिसते, म्हणून वर सांगितलेलं धाग्यावर कापणं तिथे दुप्पट कसोशीने करा.

बाहेर आलेल्या चुण्या लगेच भरायला घेऊ नका. एका बाजूचे दोरे दोन-दोन करून गाठवा, हव्या त्या रुंदीला आवळा, दुसरी बाजू गाठवा, मऊ पाटावर टाचण्यांनी ताणून लावा, चुण्या नखाने एकसारख्या उभ्या करा आणि इस्त्री वर अधांतरी धरून फक्त वाफ द्या. पूर्ण वाळल्यावरच टाचण्या काढा. आणि काम संपल्यावर प्लीटरमध्ये मेणकागदाची एक पट्टी अडकवून ठेवा, म्हणजे सुयांची टोकं उघड्या पितळेवर टेकून राहत नाहीत.