नळीचा चिमटा

गेल्या पावसाळ्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलीला न्यूमोनिया झाला. आठवडाभर अँटिबायोटिक देऊनही ताप उतरेना, तेव्हा सोनोग्राफी केली आणि उजव्या फुप्फुसाभोवती पू साठल्याचे दिसले. त्याच दुपारी भूल देऊन तिच्या बरगड्यांमधून नळी घातली आणि तिचे दुसरे टोक खाली ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडवले.

पू आता एकदाचा निघून जाईल, अशी माझी भाबडी समजूत होती. पण जेमतेम १६० मिली पू आल्यावर डॉक्टरांनी नळीला चिमटा लावून ती तासभर बंद ठेवली, तेव्हा मी त्यांच्याशी हुज्जतच घातली. दबून राहिलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्याच्याच आत पाणी झिरपून मूल गुदमरू शकते, म्हणून पहिल्या खेपेला वजनाच्या दर किलोमागे साधारण १० मिलीवर थांबतात, असे त्यांनी न चिडता समजावले. तिचे वजन १६ किलो होते.

तिसऱ्या दिवशी बाटलीच्या नळीतले पाणी श्वासागणिक वरखाली होईना. दाट पुवाने नळी तुंबली होती. पू पातळ करणारे युरोकायनेज तीन दिवस सोडल्यावर ती मोकळी झाली.

त्यानंतर बाटलीत बुडबुडे येऊ लागले. सिस्टरांनी आधी सगळे जोड तपासले. ते घट्ट होते, म्हणजे हवा फुप्फुसातूनच गळत होती. सकाळपर्यंत तिची काख सुजली आणि दाबल्यावर बोटाखाली कोरडे मीठ चुरावे तशी करकर लागू लागली. त्वचेखाली हवा शिरली होती.

नेमके त्याच दिवशी एक्स-रेला नेताना वॉर्डबॉयने बाटली सांडू नये म्हणून नळीला चिमटा लावला. पहिल्या दिवशी ज्या चिमट्याने तिला जपले, तोच हवा गळत असताना लावला तर हवा आत कोंडून फुप्फुस आणि हृदय दाबले जाते. सिस्टर धावत आल्या, चिमटा काढला आणि बाटली छातीच्या पातळीखाली धरून स्वतः सोबत चालल्या. वॉर्डबॉयला हे कुणी सांगितलेच नव्हते, याचा राग मला अजून येतो.

गळती नवव्या दिवशी आपोआप थांबली, शस्त्रक्रिया टळली. घरी आल्यावरही ती उजवीकडे झुकून चालायची. सहा आठवड्यांनंतरच्या एक्स-रेत फुप्फुसाचे आवरण थोडे जाड दिसले, पण तोवर ती सरळ चालू लागली होती.