पट्टी फेकण्याच्या नोंदी : आठवडा सातवा

चाकूफेकीसारखी लोखंडी पट्टी फेकून तिचं टोक लाकडात रुतवायचं, असा हा नाद. बडोद्याच्या मकरपुऱ्याहून आणलेल्या पट्ट्या एकदाच्या घासून झाल्या. 25 बाय 5 मिलिमीटरची साधी लोखंडी पट्टी, मीटरला जवळपास एक किलो. तुकडे तीन: 30, 60 आणि 90 सेंटीमीटर. धार कशालाच नाही, कडा गोल, फक्त टोक काढलंय. (90 चा तुकडा निव्वळ तलवारीच्या हौसेपायी.) वखारीतून आणलेला सावरीचा ओंडका परसात, कापलेला भाग समोर. रात्री पाणी मारून ठेवतो, टोक बरं रुततं.

30 चा तुकडा हातात बसलाय. साडेतीन मीटरवरून, मुठीकडून (बिनटोकाच्या बाजूनं) धरून, एक पूर्ण गिरकी: 10 पैकी 7 रुतले. तिथूनच 60 चा फेकला तर दरवेळी आडवा आपटला. आणखी जोर लावला, खांदा तेवढा दुखला. वजन दुप्पट झालं, पण गिरकी द्यायला तो आठपट जड. 90 चा तर सत्तावीसपट! शेवटी टोकाकडून धरून अर्ध्या गिरकीवर आलो: 10 पैकी 4. 90 साठी पार फाटकापर्यंत मागे गेलो. एकदाच रुतला, तोही कडेला.

मग वाटलं, वजनच नडतंय. 3 मिलिमीटर जाडीची 90 ची पट्टी कापून घेतली, 530 ग्रॅम. ही तर हवेतच लवलवते, आणि टोक लागलं की वाकून उसळी मारते. जाडी 5 ची 3 केली की ताठपणा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, हे आधी कागदावर मांडलं असतं तर एक फेरी वाचली असती. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "दांडपट्टा का रे?" पट्ट्याचं लवतं पातं फिरवून वार करायला; रुतायला ताठ टोकच हवं.

तोलाचा प्रयोग 60 वर. मुठीच्या टोकाला 100 ग्रॅमचे नट कसले, गुरुत्वमध्य सव्वाचार सेंटीमीटर मागे गेला. तेवढ्यानं अर्ध्या गिरकीला एक पाऊल मागे सरकावं लागलं. हे खोटं वाटत असेल तर भालाफेक आठवा: 1984 मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होननं 104.80 मीटर फेक केली आणि फेक आखूड व्हावी म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य 4 सेंटीमीटर पुढे नेला. तिथे खेळ हवेचा, माझ्याकडे गिरकीचा. पण सेंटीमीटर तेवढेच.

नट काढून टाकलेत. पुढची पट्टी 25 बाय 6, लांबी 45. वजन 530 ग्रॅम, त्या लवलवणाऱ्या 90 इतकंच.